दादासोंचं सोलर आणि जावयाची पहिली अंघोळ

"आपल्याकडं पाण्याला जाळ लागत न्हाय. पाणी वर चढतं, सूर्य तापवतो, न्हाणीत उतरतं!" पंच्याण्णव-शहाण्णव साली दादासो हे वाक्य पणदरे गावात भेटेल त्याला ऐकवायचे. समोरच्याला घाई असली तर दोनदा ऐकवायचे. त्यांच्या स्लॅबवर सोलर होतं आणि न्हाणीच्या भिंतीवर टाकीतली उष्णता दाखवणारं मीटर. ढगाळ हवेत पाणी गार झालं की टाकीतली वायर मीटरला कळवायची आणि मीटर विजेची कॉईल चालू करायचं. माणसानं यापुढं डोकं चालवायची गरजच नाही, असं दादासोंचं ठाम मत होतं.

लेकीच्या, मनिषाच्या पहिल्या दिवाळसणाला वालचंदनगरहून जावई आले तेव्हा दादासोंनी छाती ठोकून सांगितलं, "बिरदेवराव, सकाळी असं पाणी देतो, तुमच्या कारखान्यातल्या साहेबालाबी मिळायचं न्हाय!"

बिरदेव मोजकं बोलणारा. "बरं मामा," म्हणाला.

पहाटे तेल-उटणं लावून तो पाटावर बसला. दोन दिवस आभाळ भरलेलं, थंडी मी म्हणत होती. दादासोंनी मीटर बघितलं. अडुसष्ट!

"सारजा, पोरगं भाजंल की! गार पाणी आण!"

"हात घालून बघा की आधी," त्यांची बायको सारजाबाई म्हणाल्या.

"मीटर असताना हात कशाला घालायचा?"

टाकीतलं पाणी मुळातच गार होतं. बादलीत घेतलेल्या त्या पाण्यात दादासोंनी कळशीभर गार आणखी ओतलं. बिरदेवनं पहिला तांब्या घेतला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. पण सासुरवाडीत पहिल्याच दिवाळीला तक्रार कशी करायची? तो नुसताच कुडकुडायला लागला.

"बघ, पोळतंय त्यांना!"

"मामा... पु... पुरं."

"लाजू नका वो!" म्हणत दादासोंनी दुसरी कळशी सरळ डोक्यावर रिकामी केली.

बिरदेव उठला, घोंगडी गुंडाळून सोप्यात गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

"तात्या, ओठ निळं पडल्यात ह्यांचं!" मनिषा बापापुढं रडकुंडीला आली. "आता सासरी काय तोंड दाखवू मी?"

दादासोंनी बादलीत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला.

तेवढ्यात उजाडलं म्हणून सारजाबाईंनी आकाशकंदील बंद केला. मीटर उतरायला लागलं. पन्नास, तीस, एकोणीस! दादासोंनी कंदील लावला. मीटर चढलं. बंद केला. उतरलं. ते धावत स्लॅबवर गेले.

आदल्या दिवशी कंदील बांधायला दोरी शोधताना त्यांना टाकीपाशी एक वायर दिसली होती. ओढली तर टाकीतून सुटूनच आली, टोकाला चकचकीत नळी. 'जादाची दिसतीया' म्हणून त्यांनी तिनंच कंदील आवळला होता. नळी रात्रभर बल्बला टेकून शेकत होती, मीटर इमानेइतबारे कंदिलाची उष्णता सांगत होतं, आणि कॉईल काही लागली नव्हती.

दादासो खाली आले. दिवाळसणाला रुसलेला जावई मोटारसायकल घेतल्याबिगर उठत नाही, हे त्यांनी इंदापुरापर्यंत ऐकलेलं. पण लेकीचा चेहरा बघवेना.

"चुकलं माझं, बिरदेवराव. मागाल ते देतो. अगदी मोटारसायकल म्हणा!"

घोंगडीतून तोंड बाहेर आलं.

"मामा, एक बादली कढत पाणी द्या. चुलीवरचं."

दादासोंचा ऊर भरून आला. "आत्ता देतो!" म्हणत ते लगबगीनं निघाले, दारात थांबले आणि वळून म्हणाले,

"किती डिग्रीचं?"