नाताळ सहल: सुधारित आवृत्ती अकरा

सुटी ही घेण्याची नसून पार पाडण्याची गोष्ट आहे. हे ज्याला वेळेवर कळलं, त्याच्या घरातलं माणूस कधी रिकामं बसलेलं दिसत नाही. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात सात वर्षं दारांच्या बिजागऱ्यांवर काम करणाऱ्या श्रीनाथला ते फार लवकर कळलं होतं, आणि ते त्याच्या बायकोलाही, म्हणजे स्नेहलतालाही, हळूहळू कळत गेलं.

२००६ सालच्या नाताळची सहल मात्र साधी नव्हती. श्रीनाथचे वडील मोहनराव मिरजेहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले होते. आई, मनोरमाबाई, वर्षापूर्वी गेल्या. मोहनरावांनी छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता, त्यामुळे सहलीचे विषय आपोआप ठरले: बाबांसाठी जर्मनीचा इतिहास आणि लेक उर्जासाठी (वय नऊ) नाताळचे बाजार. स्नेहलतासाठी काय, असं कुणी विचारलं नाही. तिच्याकडे डबे होते.

श्रीनाथने एक्सेलमध्ये कोष्टक केलं. सहा शहरं, आठ दिवस, आणि सुधारित आवृत्त्या अकरा. (पहिल्या दहांत काय चूक होती, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.) हिशेब मांडल्यावर जर्मनीचा इतिहास एकूण तेरा तास चाळीस मिनिटांचा भरला. धर्मसुधारणा पन्नास मिनिटांत उरकत होती, त्यात चर्चच्या दारासमोरचा फोटो धरलेला. तीस वर्षांचं युद्ध पस्तीस मिनिटांत संपत होतं. अठ्ठावीस वर्षं जागची न हललेली बर्लिनची भिंत सव्वा तासात मागे पडत होती. दुसऱ्या महायुद्धाचं तेवढ्याने भागेना, म्हणून त्या दिवशीचं जेवण ट्रेनमध्ये हलवलं.

बाजारांना प्रत्येकी नव्वद मिनिटं. त्यात गरम वाइन बारा मिनिटं (बाबांना लहान मुलांची, बिनदारूची), भाजलेले बदाम सहा मिनिटं, लाकडी खेळणी बघणं पंधरा मिनिटं, लाकडी खेळणी घेणं शून्य मिनिटं.

निघायची तारीख पंचवीस डिसेंबर. कारखाना त्या दिवसापासून आठवडाभर बंद असायचा, आणि नाताळचा बाजार नाताळात बघायचा यापेक्षा सरळ विचार कुठला? ऐन दिवाळीत मिरजेचा बाजार बंद होता, असं कधी कुणी ऐकलंय? श्रीनाथने स्वतः जर्मनीतला नाताळ पाहिला नव्हता. आधीची सहाही वर्षं तो डिसेंबरात मिरजेला जात असे. अनुभवाचा अभाव असला की नियोजनाला मोकळं मैदान मिळतं.

शिवाय सगळीकडून शुभसंकेतच येत होते. सहाही शहरांत हॉटेलं सहज मिळाली. हे लवकर बुकिंग केल्याचं फळ, असं श्रीनाथ सांगत असे. कँटीनमधला जर्मन सहकारी कोष्टक बघून म्हणाला, "तेव्हा फार शांत असेल." श्रीनाथ खूश होऊन म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! शांतताच हवी आहे. वडील आहेत ना बरोबर."

घरातल्यांच्या सूचनांसाठी तीस नोव्हेंबरपर्यंत मुदत होती. सूचना मराठीत कराव्यात, एवढी एकच अट होती, कारण उर्जाला सगळं समजायचं पण उत्तर जर्मनमध्ये यायचं, आणि आजोबांसमोर ते बरं दिसत नव्हतं. मुदतीच्या दिवशी उर्जा कोष्टकावर बोट ठेवून म्हणाली, "आबर पापा, डी मेर्क्टे झिंट डान दोख..."

"मराठीत."

तिने थोडा वेळ विचार केला. भुवया ताणल्या, हवेत हात हलवून बघितले आणि शेवटी म्हणाली, "काही नाही." त्याप्रमाणे नोंद झाली: उर्जा, सूचना नाही.

मोहनरावांची सूचना नव्हती. त्यांना फक्त बोलायचं होतं. आल्याच्या चौथ्या दिवशी ते म्हणाले, "श्री, जरा बोलायचं होतं तुझ्याशी."

"हो बाबा, आहे ना!" श्रीनाथने कोष्टक फिरवून दाखवलं. खरंच होतं. सत्तावीस डिसेंबर, वायमार ते लाइपत्सिग, ट्रेनमध्ये: बाबांशी बोलणे, वीस मिनिटं. रकाना हिरवा रंगवलेला होता. मोहनरावांनी जन्मभर वेळापत्रकाचा मान राखला होता. "बरं," म्हणून त्यांनी हातातला घडीचा कागद स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवून दिला.

पंचवीस तारखेला अकराच्या ठोक्याला मंडळी न्युर्नबेर्गच्या मुख्य चौकात हजर होती. कोष्टकापेक्षा चार मिनिटं आधी. बाजारही जागेवर होता. लाकडी टपऱ्यांच्या रांगाच्या रांगा होत्या, प्रत्येकीवर लाल-पांढरं कापड होतं, आणि प्रत्येकीच्या फळ्या लावून कुलूप ठोकलेलं होतं. चौकात पाच कबुतरं होती, आणि तीही निघायच्या तयारीत दिसत होती. संग्रहालय बंद. दुकानं बंद. उपाहारगृहाच्या दारावर पाटी होती, तिच्यावर शुभेच्छा तेवढ्या होत्या.

कुत्रा फिरवणाऱ्या एका आजीबाईंना श्रीनाथने अदबीने विचारलं, "बाजार किती वाजता उघडतो?"

"नोव्हेंबरमध्ये," आजीबाई म्हणाल्या, आणि नाताळच्या शुभेच्छा देऊन गेल्या.

"मी सांगत होते," उर्जा म्हणाली. आता तिला मराठी बरोबर सापडलं होतं. "बाजार आधी असतो. मग सगळे घरी जातात. आपापल्या माणसांकडे."

श्रीनाथने कोष्टक काढलं, दोनदा उलटून-पालटून पाहिलं. आज बंद, उद्याही बंद, आणि बाजार तर सहाही शहरांतले बंद. पुढची ट्रेन पाच वाजता. सात वर्षांत प्रथमच त्याच्यासमोर सहा तास असे आले, ज्यांना नाव नव्हतं. त्याला दरदरून घाम फुटला, उणे दोन अंशात.

कारंज्याजवळच्या बाकावर स्नेहलताने मुकाट्याने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. थर्मासमधला चहा ओतला. मोहनराव म्हणाले, "श्री, आत्ता रिकामा आहेस ना?"

"बाबा, ते सत्तावीसला..." म्हणता म्हणता श्रीनाथला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याने कोष्टक खिशात घातलं.

मोहनरावांनी स्वेटरमधला कागद काढून मांडीवर सरळ केला. मिरजेच्या एका ज्येष्ठ निवासाचा तो प्रवेश अर्ज होता. "फेब्रुवारीपासून खोली मिळतेय. घर आता फार मोठं वाटतं रे. मुलाची सही लागते."

"अहो बाबा, आम्हाला विचारायचं तरी!" स्नेहलताचा आवाज चिरकला.

"विचारतच होतो गं," मोहनराव म्हणाले. "तारीख मिळाली होती मला."

"आजोबा, तुम्ही आमच्याच घरी का नाही राहत?" उर्जाने विचारलं, तेही मराठीत, एकही शब्द न अडखळता. या प्रश्नाचं उत्तर आउसलेंडरबेहोर्डे या परदेशी लोकांच्या कार्यालयात मिळतं. तिथल्या नियमात नव्वद दिवसांच्या पलीकडचे वडील बसत नाहीत. श्रीनाथने ते समजावून सांगितलं. सगळं नियमाला धरून होतं, त्यामुळे कुणालाच बरं वाटलं नाही.

अर्ज चांगला आखलेला होता, हे श्रीनाथच्या सराईत नजरेलाही मान्य करावं लागलं. रक्तगट, पथ्य, ओळखीची दोन माणसं. सगळं मोहनरावांनी फळ्यावरच्या अक्षरात भरलेलं. रिकामा होता फक्त रकाना चौदा: मुलगा किंवा मुलगी वर्षातून किती वेळा भेटीस येईल (अंकात व अक्षरात, शाईनेच भरावे).

"हा तूच भर," मोहनराव म्हणाले. "तुझा हात बसलाय त्यात."

सहा तास होते श्रीनाथकडे, आणि त्याने ते सगळे घेतले. आधी चार लिहिले. मग रजा मोजल्या आणि चार खोडून दोन केले. मग दोनही खोडले. बाबा शेजारी चहा पीत होते, घाई करत नव्हते. पाचच्या ट्रेनसाठी उठायला दहा मिनिटं उरली, तेव्हा त्याने अक्षरांच्या जागी लिहिलं: नियोजनानुसार. आकड्याची जागा तशीच राहिली. मोहनरावांनी वाचलं, "शुद्ध आहे," म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

आवृत्ती बारा जानेवारीत निघाली. तिच्यात सहल एक डिसेंबरलाच सुरू होते. बाबांशी बोलण्याची ओळ काढून टाकली आहे, कारण तो मुद्दा निकाली निघाला. झिंडेलफिंगेन आणि इंगोलश्टाटमधल्या एकेचाळीस मराठी कुटुंबांनी ही फाइल मागवून घेतली, आणि तुमच्यापैकीही काहींच्या मनात ती कुठे मिळेल हे येऊन गेलंच असेल. जरूर मागा. अर्जही मागवला तर मिळतो, आणि सगळीकडे साधारण तसाच असतो. रकाना चौदा तेवढा घरी पेन्सिलीने लिहून बघा. संस्था शाईनेच घेते.