सात हजार पौंडांच्या आत

पैज लागली ती व्हर्लिन टोलेफसनच्या अंगणात, आणि तीही बिअरचा पहिलाच कॅन अर्धा झालेला असताना. म्हणजे नंतर दारूवर ढकलायची सोयसुद्धा नव्हती.

व्हर्लिननं त्या दिवशी कॅम्पर आणला होता. कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायची खोलीच. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तो बायकोला, आर्डिसला, ऑरेगनचा समुद्र दाखवणार होता. मोंटानाच्या गव्हात अख्खा जन्म गेलेल्या त्या बाईनं समुद्र पाहिलाच नव्हता. वचन मात्र तिला दर उन्हाळ्याला मिळत होतं.

शेजारचा ऑरिन हाउगेन आला, कॅम्परकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं सरळ पिकअपचं दार उघडलं आणि चौकटीवरची पिवळी पट्टी वाचली.

"माणसं आणि सामान मिळून सोळाशे वीस पौंड. तुझी गाडी एवढंच उचलते, बाबा."

"मग? कॅम्पर अकराशे तीसचा आहे. माहितीपत्रकात छापलंय."

"छापलेला कॅम्पर रिकामा असतो रे. त्यात पाणी नसतं, गॅस नसतो, तू नसतोस."

"मी काय हत्ती आहे?"

 ऑरिननं त्याच्याकडं नुसतं वरून खालपर्यंत बघितलं. तिथंच ठिणगी पडली.

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत घोडे असतात, आणि घोड्यांच्या मागून फावडं आणि ढकलगाडी घेऊन लीद उचलत कुणाला तरी चालावं लागतं. हे काम गावात कुणी आपणहून घेत नाही. ठरलं असं, की हरेल त्यानं ते करायचं, आणि ऑरिनच्या बायकोचा फुलाफुलांचा गाऊन घालून करायचं.

"पण लबाडी नाही चालणार," ऑरिन म्हणाला. "पलंगावर गादी पाहिजे, टाकीत पाणी पाहिजे, दोन आठवड्यांचं खाणं पाहिजे. चालवणारा आत बसलेला पाहिजे. तीन तारखेला धान्याच्या कोठारावरचा काटा सांगेल ते खरं. गाडी आणि तो भार मिळून सात हजार पौंडांच्या आत."

"गाऊन धुऊन ठेव," व्हर्लिन म्हणाला. "तुलाच लागेल."

आर्डिस खिडकीतून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "आणि हरलास तर समुद्राचं काय?"

"हरतोय कोण!"

तीन तारखेला सकाळी पिकअप काट्यावर चढली. मागं कॅम्पर, पुढं व्हर्लिन आणि आर्डिस, दोघांच्या मधे रस्टी नावाचा कुत्रा. गव्हाचे ट्रक मोजणाऱ्या ड्वेननं आकडा वाचला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सात हजार पाचशे बत्तीस. व्हर्लिन, आत कुणाला लपवलंय का?"

ऑरिन शिट्टी वाजवायला लागला. पण व्हर्लिन तसा हटणारा गडी नव्हता. त्यानं बाह्या सरसावल्या. आधी टाकीचा नळ सोडला. एकशे सहासष्ट पौंड पाणी ड्वेनच्या आवारातून वाहत गेलं.

"अरे, पाणी पाहिजे असं ठरलं होतं!" ऑरिन ओरडला.

"समुद्रावर चाललोय. तिथं काय पाण्याचा तुटवडा आहे?"

मग रस्टी उतरला. मग पिकअपचा मागचा फाळका निघाला, तो चोपन्न पौंडांचा. मग गादी. आर्डिसची बॅग, तिच्या बरण्या, पिठं, बटाटे. सगळं ड्वेनच्या ओट्यावर. येणारेजाणारे शेतकरी ट्रक थांबवून विचारायला लागले, हे काय, घर विकायला काढलं का?

"सात हजार सत्त्याऐंशी," ड्वेन म्हणाला.

"अजून सत्त्याऐंशी!" व्हर्लिननं कपाळ पुसलं.

"तो जनरेटर काढ ना," आर्डिस म्हणाली.

"जनरेटर? अगं, रात्री बेसबॉलची मॅच कशावर बघायची?"

"मग हत्यारांची पेटी."

"वाटेत गाडी बंद पडली म्हणजे?"

"मासे धरायचं सामान? ते तरी? आणि ती तुझी आरामखुर्ची?"

"आर्डिस, काहीतरी जमण्यासारखं बोल." व्हर्लिननं काट्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटांवर हिशेब केला आणि एकदम चेहरा उजळला. "सापडलं! तू उतर."

"काय?"

"तू एकशे अठ्ठावीसची. तू उतरलीस की आपण आत! तू तुझी गाडी घेऊन मागून ये. पैज पण जिंकतो, समुद्र पण होतो."

 ऑरिनची शिट्टी थांबली. ड्वेननं खिडकीची काच हळूच अर्धी ओढून घेतली.

आर्डिस उतरली. गाडीला वळसा घालून व्हर्लिनच्या दाराशी आली, दार उघडलं.

"उतर."

"अगं, पण..."

"उतर म्हणते ना, व्हर्लिन. आता मी करते वजन."

चाळीस वर्षांत तो आवाज त्यानं दोनदाच ऐकला होता. तो उतरला. आर्डिसनं आधी टाकी भरून घेतली, काठोकाठ. गादी आत गेली, बॅग गेली, बटाटे गेले. रस्टी उडी मारून पुढं जाऊन बसला. मग तिनं जनरेटर काढला, हत्यारांची पेटी काढली, मासेमारीचं सामान, बिडाची कढई, आरामखुर्ची, एकेक करून सगळं नवऱ्याच्या पायाशी मांडलं. फाळका राहिला ओट्यावरच. ती चाकामागं बसली, आरसा आपल्या उंचीला लावला.

"वाच, ड्वेन."

ड्वेननं चष्मा पुसून वाचलं. "सहा हजार नऊशे पंच्याण्णव."

"गादी आहे," आर्डिस ऑरिनला म्हणाली. "पाणी आहे, खाणं आहे. चालवणारा आत आहे. काही लबाडी?"

ऑरिननं डोकं खाजवलं. "नाही बुवा. चोख आहे. हरलो मी."

"जिंकलो!" व्हर्लिननं टोपी उडवली. "बघितलंस, ऑरिन? म्हटलं नव्हतं, माझी गाडी उचलते म्हणून! चल आर्डिस, घरी जाऊन..."

पिकअप काट्यावरून उतरली आणि घराकडे न वळता सरळ महामार्गाला लागली. पश्चिमेला. खिडकीतून तिचा हात हलला. "बहिणीला फोन करून वाटेत सोबत घेते! मी पंधरा तारखेला परत येते! फ्रीजमध्ये सूप आहे!"

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. बँड, शाळेची पोरं, बारा घोडे, आणि मागं फुलाफुलांच्या गाऊनमधे, बूट घालून, फावडं खांद्यावर टाकून ऑरिन. गाव पोट धरधरून हसत होतं. व्हर्लिननं आपली आरामखुर्ची अगदी पुढच्या रांगेत मांडली होती. जिंकलेला माणूस तो, हक्कच होता.

"शोभतोय हो गाऊन!" तो ओरडला.

"अरे व्हर्लिन," शेजारून दुकानवाल्या बाईनं विचारलं. "आर्डिस कुठंय?"

"समुद्रावर."

"आणि तू?"

व्हर्लिननं टोपी डोळ्यांवर ओढली. पलीकडून पाद्रीसाहेबांनी तेच विचारलं. मग दाताच्या डॉक्टरनं. मग सगळ्यांना एकाच वेळी ड्वेनकडून कळलं, आणि ऑरिनकडं बघून हसणारी माणसं हळूहळू खुर्चीकडं वळून हसायला लागली.

व्हर्लिन उठला. खुर्ची मिटली, रस्त्यावर उतरला आणि ऑरिनच्या हातातली ढकलगाडी धरली.

"दे इकडं. तू फावडं मार."

"अरे, पण पैज तर तू जिंकलास."

"माहितेय. दे ती गाडी. तिथं बसवत नाही."

ऑरिननं त्याच्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. "गाऊन एकच आहे हं."

"मला बसणारही नाही," व्हर्लिन म्हणाला, आणि दोघं घोड्यांच्या मागून चालायला लागले.