वाटकर साहेब क्रेनवर चढले त्याची गोष्ट

कारखान्याच्या वसाहतीतल्या कॅम्प-१च्या बाजारात वाटकर साहेब कोणालाच ओळख दाखवत नसत. समोरून ओळखीचा माणूस आला रे आला की ते वांग्यांच्या ढिगात डोकं खुपसायचे. एकदा नागपुराहून सख्खा मोठा भाऊ आला, तर सवयीनं त्यालाही टाळून पुढे निघून गेले!

आमच्या ठेकेदार कंपनीत ते मानसशास्त्राचे साहेब होते. क्रेनवर कोणाला चढवायचं, कोणाला नाही, हे तपासून सांगायचे. कोणाचं मन बिघडलं तर तोही त्यांच्याकडेच जायचा. मी तिथलाच क्लार्क आणि मरोदा वस्तीत त्यांचा शेजारी.

"मी आधी नमस्कार केला का लोक म्हणतीन, हा यांच्याकडे जाते, याच्या डोक्यात काहीतरी आहे," ते मला म्हणाले. "त्यानं केला तं मी करतो."

एका मुलीचे वडील त्यांच्याकडे आले होते. होणाऱ्या जावयाची क्रेनच्या कामासाठी परीक्षा साहेबांनी घेतलेली. "मुलगा कसा आहे जी?" साहेबांनी खूप विचार केला. "उंची चांगली आहे."

"अन् स्वभाव?"

"उंचीच चांगली आहे."

लग्न झालं, नशीब!

त्या दिवसांत कारखाना उभा राहत असताना आम्ही सगळे झपाटलेले होतो. रोज कारखान्याची एखादी चिमणी आणखी वर गेलेली दिसायची. अशात परसराम नावाचा आमचा क्रेनवाला एक दिवस वरच थिजला. दोघांनी धरून उतरवला. मग तो रोज साहेबांकडे जाऊन बसू लागला.

मॅनेजरनं साहेबांना बोलावलं. मी फाईल घेऊन तिथंच उभा.

"क्या बोलता है वो? बताइए, नहीं तो उसकी छुट्टी. आपकी भी."

"तो आत्ता क्रेन चालवू शकत नाही, हे तुमच्या कामाचं. ते सांगितलं," साहेब म्हणाले. "बाकीचं त्याचं आहे. काढा मले."

सोमवारपर्यंत परसराम क्रेनवर चढला नाही तर दोघांचीही छुट्टी, अशी मुदत मॅनेजरनं दिली.

साहेबांनी परसरामला विचारलं, "जाऊन पाहतो का वर? नाही म्हटलं तरी चालते."

"जातो जी. पन एकटा नाही."

आता गंमत अशी की साहेब बल्ब बदलायला स्टुलावरसुद्धा चढत नसत. मला हाक मारायचे. ते निघाले शेडच्या छताखालच्या क्रेनकडे! हातोडे थांबले, वेल्डर उभे राहिले. परसराम पुढे, साहेब मागे. अर्ध्या शिडीवर साहेबांनी डोळे मिटले आणि दांडा घट्ट धरला.

वरून परसराम ओरडला, "साहेब, खाली नोका पाहू! दम घ्या! मी हावो ना!"

साहेब सरकले. एक पायरी. आणखी एक. दोघं केबिनमध्ये शिरले, आणि क्रेनची घंटा वाजली! हूक हळूच हलला. खाली असा जल्लोष झाला की मॅनेजरसुद्धा बाहेर आला, आणि गुपचूप आत गेला. पुढे आठवडाभर साहेब रोज चढले. मग परसराम एकटा जाऊ लागला.

त्या पहिल्या संध्याकाळी साहेब आमच्या ओसरीवर टेकले.

"वर भीती वाटली का हो साहेब?" मी विचारलं.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"मले असं कोणी विचारत नाही भाऊ," ते म्हणाले. "लई भीती वाटली." मग म्हणाले, "अजून थोडा वेळ बसू का?"

आत माझ्या बायकोनं भाताच्या पातेल्यात आणखी दोन मुठी तांदूळ टाकल्याचा आवाज आला.