घाडगे सुभेदारांचा हरकाऱ्या

घाडगे सुभेदारांनी समोरासमोर कधी कुणाला "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. जिन्यात गाठ पडली तर ते मान एवढीशी हलवायचे आणि भिंतीला चिकटून वाट द्यायचे, जणू समोरून रणगाडा येतोय. पण तुम्ही तुमच्या टेबलाशी जाऊन बसलात, कॉम्प्युटरवर नाव आणि परवलीचा शब्द टाइप केलात, की काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळ उमटायची : "श्री गणेशाय नमः. आपटेबाई, आईंचा गुडघा कसा आहे?" मराठी, पण रोमन लिपीत, आणि सगळी अक्षरं मोठी. आईचा गुडघा धरलाय हे मी फक्त कँटीनमध्ये शेजारणीच्या कानात सांगितलं होतं. सुभेदार तेव्हा पाठमोरे बसून चहा पीत होते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचा कारखाना होता. एका गार खोलीत युनिक्सवर चालणारं एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेले पडदे खात्याखात्यांत. मी मूळची सांगलीची, या कारखान्यात प्रोग्रामर होते आणि त्याचा मला भारी तोरा होता. सुभेदार फौजेच्या सिग्नल पलटणीतून निवृत्त झालेले, कडेगावकडचे. कारखान्यात आले टेलिफोन बोर्डावर. पुढे मोडेम आला, म्हणजे फोनच्या तारेतून कॉम्प्युटरला कॉम्प्युटरशी बोलायला लावणारा डबा. "तार माझी हाय, म्हंजे डबाबी माझा," असं म्हणत सुभेदार कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले ते परत निघालेच नाहीत. आम्ही त्यांना आज्ञा शिकवल्या. बंद पाडायची आज्ञा 'किल', ती मात्र त्यांनी कधी तिच्या खऱ्या नावानं उच्चारली नाही. "मारला" म्हणणं त्यांना पसंत नव्हतं. एखादा अडकलेला प्रोग्राम बंद केला की ते सांगायचे, "त्याला रजेवर धाडला."

आता हरकाऱ्याबद्दल सांगते. स्टोअरचा प्रोग्राम वेगळा, उत्पादनाचा वेगळा, माल पाठवणाऱ्यांचा वेगळा. एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. म्हणून आम्ही एक प्रोग्राम आणला. तो मशीनमध्ये गुपचूप बसून राहायचा आणि या प्रोग्रामचे निरोप त्या प्रोग्रामला पोचवायचा. स्टोअरमध्ये बेअरिंगं संपली की उत्पादनाच्या पडद्यावर तिथल्या तिथे ओळ यायची. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, सुभेदारांनी बारसं केलं 'हरकाऱ्या'. त्याला सकाळी जागं करायचं कुणी, हा प्रश्न होता. मशीन सुरू होतानाच तो उठवावा तर मशीनच्या मूळ चाव्या पुण्याच्या इंजिनिअरकडे, आणि ते कुणाला हात लावू देत नसत. मग सुभेदारांनी दुसरी वाट काढली. माणूस नाव टाकून आत येतो तेव्हा मशीन त्याच्यासाठी आज्ञांची एक छोटी फाइल वाचतं. तिच्यातच लिहायचं : हरकाऱ्याला उठव.

हे लिहिलं सुभेदारांनी, आणि फौजी शिस्तीत लिहिलं. प्रत्येक चौकीला आपापला ऑपरेटर पाहिजे! पहिल्या दिवशी जो जो आत आला त्यानं आपला स्वतंत्र हरकाऱ्या उठवला. दुपारपर्यंत मशीनमध्ये हरकाऱ्यांची पलटण उभी राहिली आणि बाकीच्यांना हलायला जागा उरली नाही. त्यात हे हरकारे एकमेकांना ओळखत नव्हते. स्टोअरनं "बेअरिंग संपली" असा निरोप धाडला की तो इमानदारीत स्टोअरलाच परत मिळायचा. स्टोअरकीपर वैतागून म्हणाला, "आवं सुभेदार, हे मला ठाव हाय! मीच सांगितलंय!" सुभेदार संध्याकाळी निघताना मला म्हणाले, "बाई, चूक झाली. आधी इचारायचं, कुणी उठलंय का. उठलं असंल तर त्याचा पत्ता घ्यायचा. न्हाई तरच दुसऱ्याला उठवायचं." दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या कारखान्यात एकच हरकाऱ्या राहिला, आणि तो रोज सुभेदारच उठवायचे, कारण त्यांच्या आधी कारखान्यात यायची कुणाची छाती नव्हती.

"निरोप हातात ठिवायचा नसतोय," हे त्यांचं ब्रीद. तुम्ही जेवत असा, भांडत असा, नाहीतर मोठ्या साहेबांसमोर उभे असा, निरोप आला की सुभेदार तो खणखणीत आवाजात सांगून मोकळे. आमच्या खरेसाहेबांना, म्हणजे व्यवस्थापकांना, त्यांच्या मिसेसनी कळवलेली भाजीची यादी त्यांनी भर मीटिंगमध्ये दारात ताठ उभं राहून म्हणून दाखवली होती. शेवटी "कोथिंबीर निवडक" हे दोनदा, कारण महत्त्वाची बाब दोनदा सांगायची असते.

कारखान्याची दुसरी शाखा सांगलीला होती, ओतकामाची. तिथेही तसंच मशीन बसलं आणि सुभेदारांनी ध्यास घेतला : इथला हरकाऱ्या आणि तिथला हरकाऱ्या एकमेकांशी बोलले पाहिजेत. खरेसाहेबांना यात राम दिसत नव्हता. "खंडेनवमीला मालक पूजेला येणार आहेत. तोवर झालं तर दाखवू. नाही झालं तर हा नाद सोडायचा, सरळ फॅक्स घेऊ," म्हणाले. सुभेदार त्या दिवसापासून मोडेमला इतके जपू लागले की त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून स्वतःचा रुमाल पांघरून ठेवायचे.

सुभेदारांचं एवढं काय अडलंय, हे मला सांगलीत कळलं. शनिवारी घरी गेले की मी तिथल्या शाखेतही डोकवायची. स्टोअरच्या पडद्यासमोर शालन नावाची मुलगी बसायची. ही सुभेदारांची एकुलती एक मुलगी. सांगलीला दिलेली, तिथेच नोकरीला लागलेली. चहा पिताना तिनं मला हसत हसत सांगितलं, "आबा सुट्टीवर यायचे तवा मी आईला विचारायची म्हणं, हे पाव्हणं कवा जाणार? माझी ओळख व्हईस्तवर त्यांची सुट्टी संपायची." आई गेल्यापासून सुभेदार दर रविवारी साताऱ्याच्या एसटीडी बूथवरून हिच्या शेजारणीकडे फोन करत. "बरी हायस? बरं. ठिवतो." एवढंच. "शेजारच्या काकू म्हणत्यात, वडिलांचा फोन होता का राँग नंबर?" असं म्हणून शालन पुन्हा हसली, पण कप खाली ठेवायला तिनं उगाच वेळ लावला.

सोमवारी मी साताऱ्यात आले तर सुभेदारांनी मोडेम पुसता पुसता विचारलं, "सांगलीच्या स्टोअरात पडदा कुणाच्या फुडं बसवलाय?"

"शालनच्या."

"बरं," म्हणाले आणि पुसलेला मोडेम परत पुसायला लागले. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली. फोनवर चौथं वाक्य न सुचणारा हा माणूस पडद्यावर कुणाच्याही आईच्या गुडघ्यापर्यंत पोचत होता. लेकीपर्यंत पोचायला त्याला ही तार हवी होती.

आणि तार काही जुळेना. सांगलीचं मशीन फोन लावायचं, आमचं उचलायचं, मोडेम किंचाळायचे आणि लगेच सगळं शांत. खंडेनवमी जवळ येत चालली. शेवटी मी सांगलीला जाऊन तिथल्या मशीनला आपल्याकडून नक्की काय ऐकू येतं, ते छापून काढलं. कागद वाचला आणि मी खुर्चीतच हसत सुटले. सांगलीचं मशीन आमच्याकडे माणसासारखंच नाव टाकून आत येत होतं आणि एका ठराविक शब्दाची वाट बघत होतं. त्याला उत्तर मिळत होतं : "श्री गणेशाय नमः. सांगलीकर, प्रवास बरा झाला का?" ते गांगरायचं आणि फोन ठेवून द्यायचं.

आमच्याकडे लग्नाच्या यादीपासून वाण्याच्या चिठ्ठीपर्यंत डोक्यावर श्री लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. सुभेदारांनी आज्ञांच्या फाइलीतही तेच केलं होतं, आणि मशीन झालं म्हणून काय झालं, दारात आलेल्याची विचारपूस नको? मी फोनवर कारण सांगितलं. सुभेदार म्हणाले, "म्हंजे माझा नमस्कार नडला व्हय?"

खरेसाहेबांनी हुकूम सोडला, "काढा ते सगळं. कारखाना आहे, हळदीकुंकू नाही." सुभेदारांनी हुकूम पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पडदे मुके. स्टोअरकीपर दोनदा बाहेर जाऊन परत आत आला, त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. हिशेबातल्या बाई मला विचारायला आल्या, "सुभेदार आजारी आहेत का गं?" दुपारी तर खुद्द खरेसाहेब कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन उगाच उभे राहिले. रोज त्यांच्या पडद्यावर "साहेब, गोळी घेतली का?" असं यायचं. त्या दिवशी त्यांची रक्तदाबाची गोळी राहिली होती.

सुभेदार मोडेमकडे बघत बसले होते. एकाएकी म्हणाले, "बाई, फुडं माणूस बसलंय का मशीन, हे आपल्या मशीनला कळतंय का?"

"कळतं की. समोर पडदा आणि कीबोर्ड आहे का, असं त्याला विचारता येतं."

"मग झालं गड्या! पाव्हणा आला तर नमस्कार करायचा. डाक आली तर गप दार उघडायचं." 'गड्या' हे कॉम्प्युटरला उद्देशून होतं, मला नव्हे. आज्ञा मी सांगितली, ती फाइलीत टाकली त्यांनी. पडदे परत बोलू लागले. ती दुरुस्त फाइल टेपवर घेऊन मी सांगलीला गेले आणि तिथल्या मशीनवरही बसवली. तिच्यात सुभेदारांनी शालनसाठी एक ओळ घातली होती : "शालन, बरी आहेस का? फोनवर मला बोलायला सुचत नाही."

खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा करायची रीत. लेथना झेंडूच्या माळा, पडद्यांना हळदकुंकू. खरेसाहेब म्हणाले, आज मशीन चालवायचं कसं? सुभेदार म्हणाले, "हरकाऱ्याला सणाची सुट्टी नसती, साहेब. सणालाच निरोप जास्ती असत्यात." मालकांना ते पटलं. सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. मोडेम किंचाळला, थांबला, आणि या वेळी फोन ठेवला गेला नाही. पडद्यावर ओळ आली : सांगली स्टोअर, पंपांची ओतीव कवचं तयार, गाडी उद्या निघेल. मालकांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. आज जो तो खिशातून फोन काढून निरोप धाडतो, त्याचं मला कौतुक आहेच. पण झेंडूच्या माळेखाली उमटलेली ती ओळ मी स्वतः पाहिली आहे, आणि ती आणणाऱ्या माणसाशेजारी मी उभी होते, हे मी आजही छाती फुगवून सांगते.

मालक गेले, पेढे संपले, खोलीत आम्ही दोघंच उरलो. तेवढ्यात पडद्यावर आणखी एक ओळ सरकली. "सांगली स्टोअर : आबा, तुमची ओळ वाचली. मी बरी आहे. तुम्ही जेवलात का?"

सुभेदार ताठ उठून उभे राहिले. सवयीनं विचारलं, "फुडं कुणाला द्यायचा ह्यो निरोप?"

"कुणाला नाही, सुभेदार. तुम्हालाच आहे."

"मला?" ते परत खाली बसले. ओळ पुन्हा वाचली. हात कीबोर्डवर ठेवले, उचलले, गुडघ्यांवर ठेवले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, आणि मीही पुसलं नाही.

"तुमीच लिवा, बाई."

"काय लिहू?"

"लिवा, न्हाई जेवलो. तू कवा येतीस?"