चेअरमनसाहेबांची बॅटरी गाडी

"कॉलनीतली पोरं महिनाभरात सुतासारखी सरळ करून दाखवतो, नाहीतर ही खुर्ची सोडतो," असं धम्मानंदराव नगराळे यांनी चेअरमन झाले त्याच संध्याकाळी क्लबहाउसच्या माईकवरून जाहीर केलं. कडाडून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक आईबापाची खात्री होती की हे दुसऱ्यांच्या पोरांबद्दल चाललंय. बोलणाऱ्याचीही तशीच खात्री होती.

कॉलनीचं नाव सिल्व्हर ब्रूक. वर्धा रोडवरून आत वळलं की दिसते ती. नावातला झरा म्हणजे मागच्या भिंतीपलीकडचा नाला, पण बंगले एकापेक्षा एक, आणि गेटवर राजस्थानी कमान. उंचीला कमी, नक्षीला जास्त. इथली पोरं मिसरूड फुटायच्या आत मोटारी चालवायची. गेटवर गार्डनं हटकलं की खिशातून लायसन्स नाही, फोन काढायची आणि "पप्पांना लावू का?" म्हणून विचारायची. हातातली पाण्याची बाटली खाली पडली तर कोणीतरी येऊन उचलेल म्हणून तिच्याकडे बघत उभी राहायची.

धम्मानंदरावांचा हे बघून जीव जळायचा. ते वाढले खापरखेड्याला, वीजकेंद्राच्या वसाहतीत, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. पुढे विजेच्या कामांचे ठेके घेतले, सदरमध्ये ऑफिस थाटलं, आणि सिल्व्हर ब्रूकमध्ये बंगला बांधला. एकुलती एक मुलगी, पायल. आपण काढले तसे दिवस तिला दिसू नयेत म्हणून त्यांनी इतकी काळजी घेतली की तिला दिवस उगवलेलाही सहसा दिसत नसे. पण पायल कॉलनीतल्या इतर पोरांसारखी नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. ती घरात असते, आपल्या खोलीत असते, फोनवर असते. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

चेअरमन झाल्यावर त्यांनी दोन कामं केली. कॉलनीतल्या म्हाताऱ्या माणसांना क्लबहाउसपर्यंत न्यायला एक बॅटरीवरची उघडी गाडी घेतली. पांढरी, वर निळं छप्पर, छपराला झालर. नारळ फोडून तिचं उद्घाटन केलं. आणि आपल्या ऑफिसातर्फे चौकाचौकांत कॅमेरे बसवून दिले. आता इथं पान हललं तरी मला दिसेल, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ते सदरच्या ऑफिसात असताना गार्डचा फोन आला. बॅटरी गाडी स्विमिंग पूलमध्ये गेली होती.

ते आले तेव्हा पाण्यावर फक्त निळं छप्पर आणि झालर दिसत होती, लग्नाचा मांडव पुरात सापडावा तशी. क्रेन बोलावली होती, पण ती कमानीखालून आत येईना. शेवटी गार्ड, माळी आणि दोन स्वयंपाकी मिळून दोर लावून ओढत होते, आणि सगळी कॉलनी काठावर उभी राहून त्यांना सूचना देत होती. गाडीचा ड्रायव्हर चावी तशीच ठेवून चहाला गेला होता. पोरांनी कुणी काही पाहिलं नव्हतं. सगळी पोरं म्हणे अभ्यास करत होती, मे महिन्यात.

धम्मानंदरावांनी कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. पूलशेजारी लावलेला शोभेचा ताड उन्हाळ्यात भलताच वाढला होता. पडद्यावर त्याचं एक पान अतिशय स्पष्ट हलताना दिसलं. बाकी काही नाही.

लोक हसले. तिथंच त्यांचं डोकं सटकलं. तेवढ्यात गार्डनं सांगितलं की एक बाहेरचा मुलगा जुन्या मोटरसायकलवर आलेला आहे, बराच वेळ पूलजवळच्या बाकावर बसला होता, आणि त्याचे कपडे ओले आहेत. आता तो निघालाय, गेटवर थांबवून ठेवलाय.

झालं. चोर सापडला. धम्मानंदराव पुढे आणि मागे अख्खी कॉलनी, अशी वरात गेटवर गेली. वीसबावीस वर्षांचा मुलगा होता. बुटांसकट चिंब, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांना बघून त्याचा चेहरा उजळला.

"जय भीम काका," तो म्हणाला. "मी रुपरावचा अंकुश. तुमालेच भेटाले आलो होतो."

रुपराव म्हणजे धम्मानंदरावांचा बालमित्र. दोघांची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. एकाच्या घरी भाजी केली की दुसऱ्याच्या घरी तिचा वास जायचा आणि वासामागून भाजीही जायची. रुपराव तिथंच वीजकेंद्रात चिकटला आणि आता निवृत्त होणार होता. हे पोरगं त्यांनी पाहिलं होतं तेव्हा ते चड्डीत होतं.

खरं तर इथंच सगळं मिटायला हवं होतं. पण मागे कॉलनी उभी होती. चेअरमनच्या ओळखीचा निघाला, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली. आणि धम्मानंदरावांना वाटलं की आता ढिलं पडलो तर संपलो.

"कोणाचाही असशील," ते म्हणाले. "कपडे काहून ओले?"

अंकुशनं सांगितलं की गाडी पाण्यात गेली म्हणून तो उतरला. गाडी कोणी नेली, असं विचारल्यावर मात्र तो गप्प झाला. त्यानं गर्दीत एकीकडे पाहिलं. तिथं पायल आपली मैत्रीण गार्गी हिच्याजवळ उभी होती, केसांना टॉवेल गुंडाळून. पायलनं नखं बघायला सुरुवात केली. ज्याच्या दारात आलो त्याच्याच पोरीचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं, ते त्या मुलाला कळेना, आणि त्याचं ते गप्प राहणं धम्मानंदरावांना कबुली वाटली.

मग त्यांनी जे केलं ते पुढे त्यांना झोपेतही आठवायचं. आधी त्यांनी त्याला सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागायला लावली. पोरगं लाल झालं, पण मागितली त्यानं. आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी रुपरावला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पोराला जरा वळण लावा, मोठ्या लोकांच्या वस्तीत कसं वागायचं ते शिकवा, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुनावलं.

 पलीकडून रुपराव म्हणाला, "बरं." आणि फोन बंद झाला.

त्या रात्री कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चेअरमनसाहेबांच्या नावानं इतके हार आणि टाळ्या आल्या की फोन गरम झाला. स्वतःच्या माणसालाही सोडलं नाही म्हणून लोक त्यांची तारीफ करत होते. जेवताना पायल म्हणाली, माझा फोन बेसिनमध्ये पडला, बंद झालाय. ते इतके खुशीत होते की दुसऱ्याच दिवशी धरमपेठेत नेऊन त्यांनी तिला नवा घेऊन दिला. संध्याकाळी अवेळी डोक्यावरून पाणी का घेतलंस आणि पाय ओढत का चालतेस, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शनिवारी कमिटीची बैठक होती. धम्मानंदराव उभे राहून बाहेरच्या लोकांना आत सोडण्याचे नवे नियम सांगत होते. बाहेरच्या संगतीनं आपली मुलं बिघडतात, असं त्यांचं वाक्य चालू होतं आणि एकदम सगळ्यांचे फोन वाजले. गार्गीनं एक व्हिडिओ पाठवला होता. मैत्रिणींच्या ग्रुपवर पाठवायचा तो कॉलनीच्या ग्रुपवर गेला. तिनं तो लगेच पुसला, पण पुसला जाईपर्यंत तो सगळ्यांनी सुरू केला होता.

बॅटरी गाडी भरधाव येतेय. एका हातात फोन धरून, दुसऱ्या हातानं पायल ती चालवतेय. चित्रण करणारी गार्गी ओरडतेय, अगं कोणी पाहिलं तर? आणि पायलचा खणखणीत आवाज येतो, "पप्पा चेअरमन आहेत, काही होत नाही."

मग गाडी फरशीवरून घसरून थेट पाण्यात. पायल वर येत नाही. तिचा पाय सीटखाली अडकलाय. गार्गी नुसती किंचाळतेय, पण चित्रण थांबवत नाही. बाकावरून एक मुलगा उठतो, बुटांसकट उडी मारतो, दोनदा खाली जातो, आणि तिसऱ्यांदा पायलला घेऊन वर येतो.

क्लबहाउसमध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. धम्मानंदरावांना कळेना की आपण बसलोय की उभे आहोत. आधी ती पाण्याखाली किती वेळ होती, तेच डोळ्यांसमोरून हलेना. मग गेटवरचं ते पोरगं आठवलं, हात जोडून उभं असलेलं.

घरी पायलला विचारलं तर ती म्हणाली की ती सांगणारच होती, पण पप्पाच इतके चिडलेले होते. शिवाय तो मुलगा तर निघून गेला, मग विषय संपलाच ना? तिच्या आवाजात लबाडी नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्यांची बायको मेघा दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "तिच्यावर ओरडू नका. पप्पा चेअरमन आहेत म्हणाली ना? मग काय खोटं बोलली?"

रविवारी सकाळी ते पायलला घेऊन खापरखेड्याला निघाले. मागच्या सीटवर मोठा गुच्छ, मिठाईचे डबे, सुक्या मेव्याची परडी. सॉरी म्हणून लगेच निघायचं ना, एवढं पायलनं दोनदा विचारून घेतलं. दुरून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तशी तिनं काच वर केली. धम्मानंदरावांनी खाली केली. राखेचा तो वास त्यांना किती वर्षांनी आला होता.

वसाहतीच्या मैदानात छोटा मांडव होता. रुपरावचा निरोप समारंभ होता त्या दिवशी. अंकुश कॉलनीत आला होता तो याचंच निमंत्रण घेऊन. बापानं त्याला बजावलं होतं की फोनवर नको, घरी जाऊन सांग, प्रमुख पाहुणा धम्माच पाहिजे. हे त्यांना मांडवात खुर्च्या लावणाऱ्या एका माणसाकडून कळलं. आता शाळेचे जुने मुख्याध्यापक येणार होते.

रुपराव घरात नवा शर्ट घालून बसला होता. त्याची बायको शामला हिनं पाणी आणलं. रुपराव बसा म्हणाला. "बस गा" नाही, बसा.

"रुप्या, चुकलं गा माझं," धम्मानंदराव म्हणाले, आणि पुढचं पाठ करून आणलेलं सगळं विसरले. मग त्यांनी जमेल तसं सांगितलं: व्हिडिओ, पायल, स्वतःचं वागणं. रुपराव खाली बघत ऐकत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. अंकुशनं घरी येऊन आपण पूलमध्ये पाय घसरून पडलो, एवढंच सांगितलं होतं.

अंकुशला बोलावलं. पायलनं "सॉरी" म्हटलं, दारातून हाक मारल्यासारखं. अंकुश जरा अवघडला आणि त्यानं विचारलं, "पाय बरा आहे का आता? सूज होती त्या दिवशी."

पायलच्या पायाबद्दल तोवर कुणीच विचारलं नव्हतं, तिच्या आईबापानंही. तिनं मान हलवली आणि पहिल्यांदाच हातातला नवा फोन पर्समध्ये टाकला.

धम्मानंदरावांना ते सहन होईना. काहीतरी करायला हवं होतं, मोठं काहीतरी, आत्ताच्या आत्ता. ते म्हणाले, अंकुश, उद्यापासून सदरच्या ऑफिसात ये. चांगल्या जागेवर घेतो तुला. शिकायचं असेल तर शिकवतो, कुठं म्हणशील तिथं.

अंकुशनं बापाकडे पाहिलं. शामला आत निघून गेली.

"धम्मा," रुपराव म्हणाला. इतक्या वेळानं तो धम्मा म्हणाला, आणि धम्मानंदरावांना वाटलं, सुटलो. "तू असं काहून करून राहिला? पोरगं तुले काही मागाले नव्हतं आलं. बोलवाले आलं होतं."

 रुपरावनं मग त्यांना जेवून जा म्हटलं, आणि ते म्हणणंही खरं होतं. समारंभात बापलेक तिसऱ्या रांगेत बसले. मुख्याध्यापकांनी रुपरावला शाल दिली. रुपराव दोन वाक्यं बोलला आणि खाली बसला. मग पंगत बसली. अंकुश वाढायला होता. पायलच्या पानात त्यानं सगळ्यांसारखीच वांग्याची भाजी वाढली आणि पुढे गेला. ती सगळं जेवली.

 परतताना शहर जवळ आल्यावर पायल म्हणाली, "पप्पा, त्यानं काही मागितलं नव्हतं, तर तुम्ही नोकरी का देत होता?"

 एका सिग्नलवर हिरवा दिवा लागून मागचे हॉर्न वाजायला लागेपर्यंत धम्मानंदराव उत्तर शोधत राहिले. मग त्यांनी गाडी पुढे काढली. 

घरी गाडी पोर्चमध्ये लावली तरी दोघं उतरेनात. आत मेघा वाट बघत होती, आणि तिथं काय झालं ते तिला कोण सांगणार, हे ठरत नव्हतं. शेवटी तीच बाहेर आली. मागच्या सीटवर गुच्छ तसाच होता, मिठाईचे डबे आणि परडीही. घाईघाईत उतरवायचं राहूनच गेलं होतं. तिनं ते सगळं पाहिलं आणि काचेतून विचारलं, "माफी मागून झाली?"

धम्मानंदरावांनी पायलकडे पाहिलं. पायलनं त्यांच्याकडे.

"जेवण झालं," ते म्हणाले.