अपघातविरहित समुद्र

मुलांना स्वावलंबी करण्याचा ठराव अंधेरीतल्या सात प्रौढ माणसांनी १९८३ सालच्या दिवाळीनंतर, पहिल्याच रविवारी, एकमताने मंजूर केला. मुलांना विचारण्याचा प्रश्न नव्हता, कारण ती अजून स्वावलंबी झालेली नव्हती.

ठराव मांडणारा श्यामसुंदर रेडकर औद्योगिक वसाहतीतल्या एका बल्बच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. चौदा वर्षं फुटणाऱ्या वस्तू सांभाळल्यावर त्याला न फुटणारं काहीतरी हाताळावंसं वाटू लागलं होतं. त्याची बायको जया वर्सोव्याला जिच्याकडून मासळी घ्यायची, ती सगुणा एकदा म्हणाली, "मढला आमची माडांची जागा हाय, दर्याला लागून. पडूनच हाय. आना की पोरांना!" तेवढ्यावर शिबिर सुरू झालं. श्यामसुंदरने पाच जुने लष्करी तंबू मिळवले. बोरिवलीच्या एका शाळेत पी.टी. शिकवणारी माणिक पोहणं शिकवायला फुकट तयार झाली. डिसेंबरात चोवीस मुलं होडीतून खाडी ओलांडून मढला उतरली.

पहिली दोन शिबिरं कोणत्याही नियमाशिवाय पार पडली, हे पुढे चौकशीत फार गंभीर मानलं गेलं. मुलांनी भात करपवला आणि तोच खाल्ला. तंबू उलटा बांधला, तो अंगावर पडला, मग सुलटा बांधला. माणिकने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बारा जणांना तरंगायला शिकवलं. श्यामसुंदरची चौथीतली मुलगी कमळ घरात झुरळ दिसलं तर पलंगावर चढायची; ती पाण्यात डोकं घालून शिंपले काढू लागली. श्यामसुंदर वाळूत बसून नुसता बघत राहायचा. आपण आयुष्यात एक तरी काम बरं केलं, असं त्याला वाटे.

फेब्रुवारीत मुलुंडच्या भाऊरावांनी आपला मुलगा चंदू आणून सोडला. "जरा कणखर करा याला," ते म्हणाले. "घरी फार लाडावलाय. माती लागू दे, दगड लागू दे."

दगड लागला नाही. खेकडा चावला. डाव्या पायाच्या अंगठ्याला. चंदू किंचाळला, मग हसला, मग दुसरा खेकडा शोधायला गेला. खरं तर प्रकरण तिथेच मिटलं होतं. पण घरी जाऊन त्याने ते अभिमानाने सांगितलं.

आठ दिवसांत भाऊरावांचं पत्र आलं: 'घटनेच्या वेळी सदर खेकड्यावर कोणाचे नियंत्रण होते, याचा खुलासा व्हावा.' पत्राची प्रत युवक-उपक्रम नियमन कक्षाला होती. असा काही कक्ष आहे, हे श्यामसुंदरला तोवर माहीत नव्हतं. आणि श्यामसुंदर आहे, हे कक्षाला.

कक्षाचे निरीक्षक शिवदास ढवण होडीतून आले. बूट भिजू नयेत म्हणून त्यांना दोघांनी उचलून किनाऱ्यावर ठेवलं. त्यांनी फाइल उघडली आणि सगुणाला समोर बोलावलं.

"खेकडा शिबिराच्या हद्दीतला होता की बाहेरचा?"

"दर्यातला होता," सगुणा म्हणाली.

"सध्या कुठे आहे?"

"त्याचं कालवन केलं ना तवाच."

'पुरावा नष्ट करण्यात आला,' ढवणांनी लिहिलं. मग श्यामसुंदरकडे वळून विचारलं, "ही बाई कर्मचारी का?"

"नाही साहेब. इथे कोणीच कर्मचारी नाही. सगळे स्वयंसेवक. आपल्या इच्छेने येतात."

"इच्छेचा पुरावा?"

इच्छा कागदावर घेऊन ठेवावी, हे श्यामसुंदरला सुचलंच नव्हतं.

म्हणून मार्चमध्ये प्रत्येक स्वयंसेवकाला स्वेच्छा-प्रमाणपत्र सक्तीचं झालं. सोबत कुटुंबाचं ना-हरकत पत्र. श्यामसुंदरने ते जयापुढे ठेवलं. तिने मोठ्याने वाचलं, "'माझे पती दर रविवारी व सुट्टीच्या दिवशी घरी नसल्यास माझी कोणतीही हरकत नाही.' किती प्रती?"

"तीन."

"चौथी असेल तर तीही दे. शाई आहे पेनात."

बाकीच्यांचं इतकं सुरळीत झालं नाही. दोघांच्या बायकांनी हरकत घेतली. एकाच्या बायकोने इतक्या आनंदाने सही केली, की तो घाबरून रविवारी घरीच बसू लागला. रिकाम्या जागा भरणं भाग होतं. कक्षाच्या सूचनेवरून सुरक्षा समिती नेमली गेली आणि भाऊराव तिचे अध्यक्ष झाले, कारण अपघाताचा अनुभव असलेले पालक तेवढे एकच होते.

भाऊराव कामाला वाघ निघाले. शेकोटीने भाजू शकतं, म्हणून शेकोटी बंद झाली. तिच्या जागी श्यामसुंदरच्या कारखान्यातला शंभरचा बल्ब लाल जिलेटीन कागदात गुंडाळून वाळूत ठेवला गेला. मुलं त्याच्याभोवती बसून गाणी म्हणू लागली. पहिल्या दिवशी तर काहींनी हातही शेकले. नारळ डोक्यात पडू शकतो, म्हणून माडांखाली बसायला मनाई झाली. सावली तेवढी माडांखालीच होती, तेव्हा मुलं उन्हात बसली. उन्हाने एकाला चक्कर आली, तेव्हा उन्हालाही मनाई झाली. उरले तंबू. तंबूत मुलं सुरक्षित होती, पण त्यांना कंटाळा येत होता. आणि कंटाळ्याविरुद्ध कुठलाच नियम नव्हता.

समुद्राचा विषय एप्रिलच्या सभेत आला.

"पोहणं हवंच," भाऊराव म्हणाले. "पोहण्याला समितीचा पूर्ण पाठिंबा आहे. आक्षेप आहे तो पाण्याला."

तेव्हापासून माणिक मुलांना बाकांवर पालथं झोपवून हातपाय मारायला शिकवू लागली. तीन दिवस तिने ते केलं. चौथ्या दिवशी ती भाऊरावांपुढे येऊन उभी राहिली.

"भाऊराव, बाक तरंगत नाही हो."

"बाई, म्हणूनच तो सुरक्षित आहे."

माणिकने शिट्टी गळ्यातून काढून श्यामसुंदरच्या हातात दिली. "तुम्ही तरी बोला ना काहीतरी, यार," ती म्हणाली. श्यामसुंदर म्हणाला, "सभेत मांडतो." सभेत त्याने मांडलं. ते इतिवृत्तात व्यवस्थित नोंदलं गेलं, आणि तेही त्यालाच लिहावं लागलं.

पावसाळ्यात शिबिर बंद असतं. समिती बंद नसते. गणपती गेल्यावर सगुणा जागा झाडायला गेली, तेव्हा तिच्या आणि दर्याच्या मध्ये सात फुटी भिंत उभी होती. तिला वाटलं, शूटिंगवाल्यांनी खोटी उभी केली असेल. तिने हाताने ढकलून पाहिली. भिंत खरी होती.

भिंतीच्या ठरावावर सचिव म्हणून श्यामसुंदरची सही होती. सही करण्याआधी त्याने पेनाचं टोपण एकदा परत लावलं होतं. पण कागदाची सुरुवात 'मुलांच्या सुरक्षिततेसाठी' अशी होती, आणि अशा कागदावर सही न करणारा माणूस चारचौघांत कसा दिसतो, हे त्याला माहीत होतं.

ऑक्टोबरच्या शिबिरात भिंतीलगत लाकडी चौथरा बांधला गेला. दहा-दहाच्या तुकड्यांनी वर चढायचं, पाच मिनिटं समुद्रदर्शन घ्यायचं आणि खाली उतरून 'मी पाहिलेला समुद्र' हा निबंध लिहायचा. घोटाळा इतकाच झाला, की समुद्रात सगुणाची पोरं डुंबत होती. चौथऱ्यावरची मुलं खाली उतरेनात. कमळ तर भिंतीवर चढायला निघाली. तिला खाली ओढणारा हात तिच्या बापाचाच होता.

दुसऱ्या दिवशी सगुणाला नोटीस गेली: 'विनापरवाना पोहणाऱ्या बालकांना शिबिराच्या वेळेत दृष्टिआड ठेवण्यात यावे.'

ती नोटीस घेऊन सगुणा फाटकाशी आली. "श्यामभाऊ, वाचून दाव."

त्याने वाचून दाखवली.

"माझी पोरं दर्यान जायची नाय, असं कोन म्हनतं?"

"समितीने ठरवलंय, सगुणा. मी काय..."

"खाली सही कुनाची?"

श्यामसुंदरने कागदाकडे पाहिलं, जणू सही बदलली असेल.

"जागा सोडा," ती म्हणाली. धक्क्यावर तिचा आवाज तीन होड्या पलीकडे जायचा. आज ती इतक्या हळू बोलली, की त्याला मान वर करवेना.

भाऊराव मात्र खूश झाले. "बरंच झालं. समुद्र होता तोवर धोका राहणारच होता," ते म्हणाले. शिबिर त्यांच्या मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हलवण्यात आलं. पाचही तंबू लादीवर उभे राहिले; दोऱ्या खिडक्यांच्या गजांना बांधल्या. एका भिंतीवर समुद्र रंगवून घेतला. लाटा घोट्याच्या वर जाऊ नयेत, अशी पेंटरला लेखी सूचना होती. ढवण स्वतः येऊन 'संपूर्ण अपघातविरहित' असं प्रमाणपत्र देऊन गेले, तेही कोरड्या बुटांनी.

मढची जागा मोकळी करायला श्यामसुंदर एकटाच गेला. पण तिथे माणिक आधीच होती. सुट्टीच्या दिवशी वाडीतल्या पोरींना घेऊन ती पाण्यात उतरू लागली होती. सगुणाच्या दिराने दोन पहारी आणल्या, एक श्यामसुंदरला दिली. दुपारपर्यंत अर्धी भिंत पडली. हाताला फोड आले. भगदाडातून वारा आत आला आणि त्याला वर्षभरात पहिल्यांदा धड भूक लागली. सगुणाने भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं. राग होता तिला, पण तो ताटाबाहेर ठेवला होता.

"रविवारी पोरीला घेऊन ये," ती म्हणाली. "माणिकबाई हाय, मी हाय."

"येतो," तो म्हणाला. "नक्की येतो." आणि त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता.

शनिवारी संध्याकाळी जया स्वयंपाकघरात मुलुंडच्या शिबिराचा अर्ज भरत होती. कमळ शेजारी उभी होती.

"बाबा, आपण मढला जाणार ना? मला तरंगता येतं आता."

"शेवटचा रकाना राहिलाय," जया म्हणाली. "'आपल्या पाल्यास काहीही होणार नाही, अशी हमी हवी आहे काय?' हो की नाही? सांग पटकन. मला दोन्ही चालेल."

श्यामसुंदरने तळहातावरचे फोड पाहिले. कमळकडे पाहिलं. पाण्यात गेलेलं तिचं डोकं आणि ते वर येईपर्यंतचा वेळ त्याला आठवला.

"यंदा हो लिही," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

कमळ बाहेर जाऊन बसली.

त्या वर्षी एकूण दोनशे चौदा अर्ज आले. शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहिणारा एकही पालक निघाला नाही. असा अर्ज आलाच तर काय करायचं, याचा नियम समितीने अजून केलेला नाही. तशी गरज पडेल असंही दिसत नाही. कारण हा रकाना वाचताना तुम्हीही मनातल्या मनात काय लिहिलंत, ते तुम्हाला माहीत आहे.