अळणी घाम

नत्थूजी दुसऱ्यांचा घाम चाखत. आमच्या व्यायामशाळेत कुणी बारबेल खाली ठेवली की ते मागून येत, त्याच्या मानेवर बोट फिरवत आणि ते बोट सरळ जिभेला लावत. मग भाजीत खोट काढावी तसं म्हणत, "अळणी झाला गा तुझा घाम. बस खाली. मीठ-पाणी पे." पहिल्या दिवशी मला मळमळलं. पुढे सगळ्यांना सवय झाली, मला काही झाली नाही.

गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात ते तागे मोजून कापून देण्याचं काम करत. कात्री कायम कमरेला. हाफपॅन्टच्या एका खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा, दुसऱ्यात मिठाची पुडी. दुकानामागे टिनाच्या छपराखाली त्यांची व्यायामशाळा. मे महिन्यात तिथला लोखंडी दांडा धरायचा तर हाताला ओलं फडकं गुंडाळावं लागे. ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हाचे उस्ताद ठासून सांगत, व्यायाम करताना पाण्याचा थेंब घेऊ नये, शरीर नासतं. आमच्याकडे मात्र दाराशीच दोन माठ, आणि दर वीस बैठकांमागे पेलाभर पाण्याची सक्ती. शेजारच्या आखाड्यातले आम्हाला पाणपोईवाले म्हणून चिडवत.

"म्हणू दे ना," नत्थूजी म्हणत. "पाणपोईवर कोणी मरत नाही."

मी तेव्हा धरमपेठेतल्या एका कचेरीत कारकून होतो. ताकद बेताची, खुमखुमी मात्र भरपूर. वजन उचलण्याच्या स्पर्धेत साठ किलोच्या गटात नाव घातलं होतं. चार दिवस आधी काट्यावर उभा राहिलो तर बासष्ट भरलो. नत्थूजी म्हणाले, "वरच्या गटात जाय." वरच्या गटात मी शेवटून पहिला आलो असतो. मी मान हलवली, पण मनात ठरवलं, जादाचे दोन किलो घामातून काढायचे.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. नत्थूजी दुकानात असतील अशा बेताने भर दुपारी एक वाजता व्यायामशाळेत शिरलो, दार लोटलं, लोकरीचा स्वेटर चढवला आणि डोक्याला मफलर गुंडाळला. सकाळपासून पाण्याला शिवलो नव्हतो. पहिला अर्धा तास घाम असा वाहिला की मी स्वतःवरच खूश झालो. मग तो थांबला. अंगावर काटा आला, चक्क थंडी वाजायला लागली. मला गाढवाला वाटलं, चला, शरीर तयार झालं. मी पुन्हा दांड्याला हात घातला.

नत्थूजी रोज दुपारी माठ भरायला येतात, हे मला ठाऊकच नव्हतं. दोन बादल्या घेऊन ते दारात उभे राहिले. बादल्या खाली ठेवल्या आणि माझ्या मानेला बोट लावलं. ते जिभेपर्यंत गेलंच नाही, चाखायला मानेवर काही नव्हतं. त्यांनी कमरेची कात्री काढली आणि माझ्या आईने विणलेला तो स्वेटर पोटापासून गळ्यापर्यंत कापला. दोन्ही बादल्या माझ्या डोक्यावर रिकाम्या केल्या. मी कोसळलो. मी जमिनीवर पडलो होतो आणि ते खांद्यावरच्या ओल्या दुपट्ट्याने वारा घालत एकच घोकत होते, "वसंता, पाणी पे. पे ना गा, वसंता."

माझं नाव वसंता नाही.

तास-दीड तासाने मी उठून बसलो. नत्थूजी भिंतीला टेकून बसले होते. मी विचारायच्या आधीच बोलले.

"वसंता माझा लहान भाऊ. दुसऱ्या आखाड्यात होतो तवा आम्ही. मीच शिकवत होतो त्याले. असाच मे महिना. मले म्हणे, दादा, पाणी पाहिजे. मी म्हणलो, आधी पुरं कर. मग मानेले हात लावला, तं कोरडी. आमच्या उस्तादानं शिकवलं होतं, मान कोरडी म्हणजे कामचोर. मी म्हणलो, काहून गा, घामही नाही आला तुले? अजून वीस बैठका मार."

त्यांनी मिठाची पुडी उघडली, चिमूटभर पेल्यात टाकलं, बोटानेच ढवळलं.

"अकरा मारल्या त्यानं," ते म्हणाले. "माझं सारं ऐके तो. घे, पे."

मला रडू आलं. ते स्वेटरसाठी नव्हतं, एवढं नक्की.

स्पर्धेला मी गेलो नाही. आठवड्याने पुन्हा व्यायामशाळेत पाऊल टाकलं. टिन तापलं होतं. नत्थूजी नेहमीसारखे एकेकाच्या मागे फिरत होते, मीठ वाटत होते, पेले भरत होते. त्यांचा स्वतःचा सदरा पाठीला चिकटला होता आणि माठाकडे ते एकदाही वळले नव्हते. इतक्या वर्षांत त्यांच्या मानेला कुणी हात लावलेला मला आठवेना.

मी मागून गेलो आणि त्यांच्या मानेवर बोट फिरवलं. ते दचकले, पण वळले नाहीत. मला मळमळत होतंच. तरी बोट जिभेला लावलं.

"अळणी आहे, नत्थूजी," मी म्हणालो. "बसा खाली. पाणी प्या."

ते खाली बसले. मी दिलेला पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला.